हंगामी माणसाचा हात

पाऊस हंगामी, कापूस हंगामी, आमच्या वस्तीत येणारे पुढारी हंगामी. हे लहानपणापासून ठाऊक होतं. माणूसही हंगामी असतो हे मला जिनात कामाला लागल्यावर कळलं. दिवाळीच्या आगंमागं जिन सुरू होतं, उन्हं तापली की बंद पडतं. मधल्या चार-पाच महिन्यांत मी 'हंगामी मजूर'. बाकीच्या महिन्यांत मी कोण, ते कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नाही.

या एका शब्दाचा इतिहास मी मांडतोय. मी काही इतिहासकार नाही. आठवीत शाळा सुटली. शाळेतल्या इतिहासात राजे होते, लढाया होत्या, तहाची कलमं होती. मशीनीत हात गेला तर त्या हाताचं पुढं काय होतं, हे कुठल्या धड्यात नव्हतं. म्हणून जुने कायदे, कमिशनांच्या हकिकती, कामगार चळवळीची पुस्तकं मिळेल तिथून वाचत गेलो. इंग्रजी अडलं की वस्तीतल्या वकिली शिकणाऱ्या एका पोराला गाठायचं. तो सांगतो आणि वर चहा मागतो.

आमचा बुलढाणा जिल्हा दोन तुकड्यांचा, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली पूर्णेचं खोरं, काळी जमीन, कापूस. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर ही गावं कापसानं फुगली. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आला. पुढं १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथले काळे गुलाम ज्या शेतांत कापूस वेचत होते तिथला माल विलायतेला जाईना. मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि साहेबांचं लक्ष आमच्या काळ्या मातीकडे वळलं. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत कापसासाठी आगगाडीचा फाटा टाकला. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. खामगावचा कापूसबाजार एके काळी हिंदुस्थानातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांत मोजला जायचा. आठ मैल रूळ! आमच्या वस्त्यांत पाण्याचा नळ यायला त्यानंतर किती वर्षं लागली ते म्हाताऱ्यांना विचारा.

कापूस तसाच जहाजात चढत नाही. सरकी काढावी लागते, रुईच्या गाठी दाबाव्या लागतात. म्हणून रूळाच्या कडेनं जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिनाला चामड्याच्या चकत्यांचा रोलर असतो, त्याला लागून पातं. रोलर रुई ओढून घेतो, पातं सरकी अडवतं. आज बऱ्याच ठिकाणी कापूस पट्ट्यानं नाहीतर हवेच्या नळीनं आपोआप येतो. २००० साली सरकारनं कापसाचं तंत्रज्ञान मिशन काढलं, त्यानंतर हे वाढलं. त्याआधी कापूस घालायच्या बाया. टोपलीतून कापूस घ्यायचा, हातानं रोलरच्या तोंडी द्यायचा, दिवसभर. मध्येच ओली कवडी अडकायची. मशीन थांबवलं तर मुकादम खेकसायचा, म्हणून चालू मशीनीतूनच बोटानं काढायची. रोलरला रुई आणि बोट यातला फरक कळत नाही. प्रेसकडे वेगळी तऱ्हा. तिथं गाठीची लोखंडी पट्टी सुटली तर थेट डोळ्यावर येते.

आता कायद्याकडे या. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यात धोक्याच्या मशीनीला कुंपण घाला, अपघात झाला तर कळवा, असं लिहिलं होतं. पण कारखाना कशाला म्हणायचं? जिथं शंभरावर माणसं आहेत आणि जे वर्षातून निदान चार महिने चालतं, त्याला. चार महिन्यांच्या आत आटपणारं जिन या व्याख्येतून अलगद सुटलं. म्हणजे तिथं पट्ट्याला कुंपण नको आणि तुटलेल्या बोटाची खबरही नको. 'हंगामी' या शब्दानं पहिला हात खाल्ला तो इथं.

१८८५ साली मुंबई सरकारच्या कारखाना कमिशनपुढं शेजारच्या खानदेशातल्या जिनांची हकिकत आली. मलकापूर ओलांडलं की खानदेशच, वारा एकच, कापूस एकच. ऐन हंगामात पहाटेपासून रात्री दहापर्यंत काम चालायचं, आणि कधी कधी त्याच बायामाणसांकडून रात्रंदिवस, ओळीनं आठ-आठ दिवस. अशा कामानं माणसं मरतात, हेही तिथं सांगितलं गेलं. झोपेनं डोळे मिटलेल्या बाईचा हात कुठं जाणार? ही हकिकत होऊनही १८९१ च्या दुरुस्तीत चार महिन्यांचं दार तसंच राहिलं. हंगामी कारखाने कायद्याखाली यायला १९११ साल उजाडलं. तीस वर्षं.

याच्या अलीकडची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे नावाचा माणूस होता. गिरणीत नोकरी केलेला, जोतीराव फुल्यांचा सहकारी, 'दीनबंधु' चालवणारा. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यानं परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनकडे गेला. रविवारची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. हे सगळ्यांना माहीत असतं, कारण रविवार मिळाला, १० जून १८९० ला. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. काम करताना कामगार जबर जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्या, आणि जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा.

दोस्तहो, सालाकडे पाहा. १८८४. त्याच वर्षी जुलैत जर्मनीत बिस्मार्कनं अपघात विम्याचा कायदा केला. बिस्मार्क कोण, तर मोठा राजकारणी, कामगार चळवळीला भ्यालेला. त्यानं वरून दिलं. आणि इकडं अंगठे उठवणारी, धोतराच्या सोग्यानं घाम पुसणारी माणसं तीच गोष्ट खालून मागत होती. इंग्लंडातला असा कायदा १८९७ चा. म्हणजे आपल्याला नुकसानभरपाईची अक्कल साहेबानं शिकवली हे म्हणणं मला पटत नाही. साहेबाच्या घरी कायदा होण्याआधी तेरा वर्षं सत्यशोधकांच्या सभेत ती मागणी झाली होती.

तोवर विलायती न्याय काय होता? नोकरानं काम पत्करलं म्हणजे त्यातली जोखीमही पत्करली. सोबतच्या कामगाराच्या चुकीनं हात गेला तर मालकाला बोल नाही. मालकाचाच दोष आहे हे जखमीनं कोर्टात शाबीत करायचं. हिंदुस्थानात मेलेल्याच्या वारसांनी दावा लावावा असा कायदा १८५५ पासून होता. पण दावा लावायला स्टँप लागतो, वकील लागतो. जिनातल्या बाईच्या नवऱ्यानं तो कुठून आणायचा?

१९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. मार्चमध्ये मंजूर, १ जुलै १९२४ पासून अंमल. त्याच १९२३ च्या ऑगस्टात मुंबई कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला: सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या करा. हेच बोले कामगार हितवर्धक सभेतही काम करत होते. त्या ठरावातून पुढं १९२७ चं महाड झालं. एका वर्षात दोन कागद. एक तळ्याचा, एक हाताचा. तळ्याच्या कागदासाठी बाबासाहेब उभे राहिले, आपण चालून गेलो, पाणी प्यालो. हाताच्या कागदासाठी आमच्या जिनात अजून कोणी चालून गेलेलं नाही.

१९२३ च्या कायद्यात नवं काय होतं? कामाच्या ओघात, कामामुळं अपघात झाला की मालक देणं लागतो. त्याची चूक होती का, हा प्रश्नच नाही. आपलं दुर्लक्ष झालं असेल तरीही देणं लागतो. नशेत असलो, मुद्दाम नियम मोडला, जाणूनबुजून मशीनीचं कुंपण काढलं, एवढेच अपवाद. आणि महत्त्वाचं म्हणजे हंगाम विचारला नाही. कारखाना कायद्याखालचा कारखाना असला म्हणजे झालं, आणि १९११ पासून जिन त्यात आलं होतं. म्हणून मी म्हणतो, हंगामी माणसाच्या बाजूनं उभा राहिलेला हा पहिला कायदा. बाकीच्यांनी दार लावलं, यानं फट ठेवली.

पण पोटात काय होतं तेही पाहा. मेला तर तीस महिन्यांचा पगार, पण २,५०० रुपयांच्या वर नाही. कायमचा पूर्ण निकामी झाला तर बेचाळीस महिन्यांचा, ३,५०० च्या वर नाही. अल्पवयीन पोर मेलं तर २०० रुपये. जखमेवर पहिले दहा दिवस काहीच नाही. आणि सोबत अवयवांचा भाव लावलेला तक्ता. उजवा हात कोपरापासून वर गेला तर शेकडा ७०, डावा असेल तर ६०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. बाकीचं कुठलंही बोट ५. डावखुऱ्याचं काय करायचं, ते साहेबाला सुचलं नसावं.

पहिल्यांदा हा तक्ता वाचला तेव्हा मला खाटकाचं दुकान आठवलं. नंतर विचार केला. एकलव्याचा अंगठा गेला तेव्हा शेकडा किती मिळाले? गावकीत आमच्या आजे-पणज्यांनी रात्री-बेरात्री टपाल नेलं, मेलेली ढोरं ओढली. साप चावला, शिंग लागलं, पाय मोडला. त्याचा भाव शून्य होता, कारण पगारच नव्हता, भाकरी होती. तक्ता ओंगळ आहे खरा, पण त्यात आपल्या अंगठ्याला पहिल्यांदा कोणीतरी देणं लागलं.

खोट दुसऱ्या जागी आहे. भाव पगारावर ठरतो. धरा, एखाद्या बाईला महिना १० रुपये. बेचाळीस महिन्यांचे ४२०. तर्जनी गेली, शेकडा १०, म्हणजे ४२ रुपये. त्याच जिनात फिटरला ४० रुपये असतील तर त्याच बोटाचे १६८. बोट तेच, हाड तेच. आता फिटर कोण झाला आणि टोपली कोणाच्या डोक्यावर आली, हे काय मशीनीनं ठरवलं? मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे आणि विटाळ होई. पगार जास्त होता तो विणखात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. कायद्यात जातीचा एक शब्द नाही. तरीही जात पगाराच्या रकान्यातून बोटापर्यंत पोचते.

१९३१ साली व्हिटली कमिशननं जे लिहिलं त्यात एक गोष्ट होती: मजुरांना हा कायदाच माहीत नाही, म्हणून दावे कमी येतात. १९३३ च्या दुरुस्तीत कमी पगारवाल्यांसाठी किमान रकमा ठरल्या, थांबायचे दिवस दहावरून सात झाले. (पुढं ते तीन झाले.) दर काही वर्षांनी आकडे वाढत गेले. पण माहीत नसणं तसंच राहिलं, आणि ते माझ्या घरात कसं राहिलं ते सांगतो.

माझी आजी १९८६ साली एका जिनात कापूस घालायला जायची. वय पंचवीस-सव्वीस. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. दवाखाना जिनवाल्यानं केला. वर दोनशे रुपये आणि एक लुगडं दिलं आणि एका कागदावर अंगठा घेतला. मी हे सगळं वाचून तिला सांगायला गेलो तर म्हणते, "शेठ चांगला व्हता रे बाप्पा. लुगडं देलं, दवापानी केलं. दुसऱ्यानं कायले केलं असतं?" ते लुगडं तिनं फाटेस्तोवर नेसलं. मी तिला त्या वेळचा कायदा वाचून दाखवला. १९८४ च्या दुरुस्तीनं कायमच्या पूर्ण अपंगत्वाला निदान २४,००० रुपये ठरले होते. तर्जनीचा शेकडा तोवर १४ झाला होता. २४,००० चे शेकडा १४, म्हणजे ३,३६०. त्याच्या खाली नाही. आणि दुसरं कलम. बाईला एकरकमी भरपाई द्यायची तर मालकानं तिच्या हातात द्यायची नाहीच, कमिशनरकडे भरायची. हातात दिलेली रक्कम कायद्यानं भरपाईच नव्हे. कायद्यातला हक्क सोडून देण्याचा करार केला तर तो रद्दबातल. तिचा अंगठा घेतलेला तो कागद चुलीत घालायच्या लायकीचा होता.

आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तीन हजार? तवा तीन हजारात घर झालं असतं." माझा बाप त्या घरात नव्हे, कुडाच्या झोपडीत वाढला.

दावा लावायची मुदत अपघातापासून दोन वर्षं. १९८८ ला ती संपली.

कमिशनर म्हटलं की आमचे लोक पोलीस समजतात आणि बिचकतात. हा वेगळा. आपल्या राज्यात हे काम बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे नाहीतर दिवाणी न्यायाधीश पाहतात. त्यांच्यापुढं अर्ज करायचा. मृत्यू झाला तर पूर्ण रक्कम त्यांच्याकडेच भरावी लागते, कारण विधवेच्या हातून ती दिरा-भावांनी काढून घेऊ नये. कायदा करणाऱ्यानं इथं आपली घरं ओळखली होती म्हणायची.

मधल्या काळात मोठं काम झालं ते विम्याचं. बाबासाहेब जुलै १९४२ ते जून १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्यानं नेमलेल्या प्रा. अडारकरांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना लिहून दिली. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला, २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर-दिल्लीत सुरू झाला. याच्यात मालकाच्या मागं धावायचं नाही. हात गेला तर विमा महामंडळ दरमहा पैसे देतं, दवाखानाही त्यांचा. नुकसानभरपाईपेक्षा फार पुढची गोष्ट. फक्त सुरुवात बारमाही कारखान्यांपासून झाली, आणि कायद्यात 'हंगामी कारखाना' वगळला. हंगामी म्हणजे कोण त्याची यादी दिली: कापूस जिनिंग, कापूस किंवा ताग प्रेसिंग, शेंगा फोडणं, साखर, चहा, आणखी असंच. यादीत पहिलं नाव आमचं! कुठल्याही यादीत पहिले येण्याचा मान आम्हाला एकदाच मिळाला, तो वगळायच्या यादीत. दुसरीकडे १९४८ च्याच कारखाना कायद्यानं बारमाही-हंगामी हा भेद मोडून काढला होता. त्याआधी १९३४ च्या कायद्यात बारमाहीवाल्याला आठवड्याला ५४ तास आणि हंगामीवाल्याला ६०. एका वर्षात एका कायद्यानं शब्द पुसला आणि दुसऱ्यानं पुन्हा लिहिला.

म्हणून आमच्याकडे उरला तो १९२३ चा कायदा. त्याच्यातले काही निकाल आपल्या माणसांनी पाठ करावेत असे आहेत. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. तक्त्याप्रमाणं शेकडा ७० होत होते. कमिशनर म्हणाला, एका हातानं सुतारकी होत नाही, हा माणूस त्याच्या कामाला शंभर टक्के निकामी झाला. मालक वर-वर गेला. १९७५ साली सुप्रीम कोर्टानं कमिशनरचंच धरलं, आणि सांगितलं की भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते, मालक वाद घालतो म्हणून ती पुढं ढकलली जात नाही. ढकलली तर व्याज, आणि वर दंड. म्हणजे तक्ता ही शेवटची रेघ नाही. कोणाचं काय काम होतं तेही पाहावं लागतं.

मजूर कोणाचा, हा दुसरा जुना डाव. १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार योजना आली तेव्हा तर गंमत होती. कापूस फेडरेशनचा, जिन मालकाचं, मजूर मुकादमाचा. बोट गेलं की तिघं एकमेकांकडे बोट दाखवायचे, कारण त्यांची शाबूत होती. ती योजना संपली, मुकादम राहिला. पण या कायद्यात पहिल्यापासून कलम होतं: ज्याच्या धंद्याचं काम ठेकेदाराकरवी करून घेतलं, त्यानं भरपाई द्यायची, मागाहून ती ठेकेदाराकडून वसूल करायची तर करावी. आपण मुकादमाच्या मागं फिरायचं कारण नाही.

२०१० पासून कायद्याच्या नावातला 'वर्कमन' जाऊन 'एम्प्लॉयी' आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीनं मालकावर असं बंधन घातलं की कामाला लावतानाच मजुराला त्याच्या भाषेत हे हक्क लिहून कळवायचे, नाही कळवले तर ५० हजार ते एक लाख दंड. मला अजून कोणी चिठ्ठी दिलेली नाही. नंतर २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९२३ चा कायदा संपून सामाजिक सुरक्षा संहितेत जाऊन बसला. शंभर वर्षांच्या वर जगला म्हातारा. भरपाईचं प्रकरण बहुतांशी तेच आहे. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी संबंध असेल तर, आता त्यात धरतात. आणि राज्य विम्याच्या प्रकरणात हंगामी कारखाना पुन्हा वगळलेला आहे. शब्द तेच, कापूस जिनिंग, कापूस प्रेसिंग. १८८१ चा शब्द १४४ वर्षांनी नव्या छपाईत.

आजचा हिशोब मांडून दाखवतो, कारण 'मिळते काहीतरी भरपाई' असं म्हणण्यात अर्थ नाही. वय पंचवीस, पगार महिना ९,००० धरा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या शेकडा ६०, म्हणजे ५,४००, त्याला वयाचा आकडा २१६.९१ नं गुणायचं. ११,७१,३१४ रुपये. पूर्ण तर्जनी गेली, त्याचे शेकडा १४, म्हणजे १,६३,९८४. अंगठा शेकडा ३०, म्हणजे साडेतीन लाखांच्या वर. हाड मोडून नुसतं घरी बसावं लागलं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा. जिनात मात्र औषधाचा खर्च आणि वर पाच हजार दिले की मुकादम मिश्या पिळतो, मजुराला किती सांभाळलं म्हणून. लुगड्याचे पाच हजार झाले, बाकी १९८६ च आहे.

हे सगळं अडतं कुठं, तर हजेरीच्या वहीत. हंगामी माणसाचं नाव पेन्सिलीनं लिहितात. बोट गेलं की खोडरबर. दवाखान्यात मुकादम पुढं होऊन सांगतो, घरी पडला, कडबा कापताना लागलं, आणि डॉक्टर तसंच लिहितो. ती एक ओळ पुढं कोर्टात मालकाच्या कामी येते. शुद्ध असेल तर आपण स्वतः सांगायचं, कुठल्या जिनात, कुठल्या मशीनीवर, किती वाजता, आणि लिहिलेलं वाचून घ्यायचं. शुद्ध नसेल तर सोबत्यानं सांगायचं. मी माझ्या कवितेच्या वहीच्या मागल्या पानांवर रोजची हजेरी मांडतो. तारीख, पाळी, सोबत कोण होतं, किती पैसे हातात पडले. सुरुवातीला पोरं हसली, आता पाच जणांच्या वह्या झाल्यात.

बोट निदान दिसतं. छाती दिसत नाही. १९२३ च्या कायद्यात धंद्याच्या रोगांची यादी होती तीनच नावांची: अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा, फॉस्फरसची विषबाधा. कापसाच्या धुळीनं होणारा छातीचा रोग, बिसिनोसिस, पुढं यादीत आला. गिरणीत याला सोमवारचा आजार म्हणत. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, मग आठवडाभरात सैल पडते, आणि वर्षं गेली की सैल पडेनाशी होते. आमच्याकडे सोमवार नसतो, दिवाळीनंतरचा पहिला आठवडा असतो. म्हातारी माणसं त्याला 'रुई चढली' म्हणतात आणि गूळ खातात. हा रोग यादीच्या ज्या भागात आहे तिथं अट अशी की सरकार ठरवील तेवढा काळ सलग त्या कामात काढलेला असावा. सलग! चार महिने जिन, मग वीटभट्टी, मग सोयाबीनची सोंगणी, मग पुन्हा जिन, असे पंधरा-वीस हंगाम काढलेल्या माणसाचं सलग कसं मोजायचं, ते मी अजून कुठं वाचलेलं नाही. डॉक्टर चिठ्ठीवर 'दमा' लिहितात, कापसाचा क कुठं नसतो. या पावसाळ्यात आम्ही चौघांनी केसपेपरवर 'काम: कापूस जिनिंग' आणि पुढं हंगामांचा आकडा लिहून मागितला. दोन डॉक्टरांनी लिहिला. एकानं विचारलं, तुम्हाला हे कशासाठी पाहिजे. चौथ्यानं पेन उचललं आणि आमच्याकडे बघून परत खाली ठेवलं.